आत्याचे कान आणि मागची जागा

रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता दादांनी सांगून टाकलं, "जागा द्यायची. होऊ दे तिथे सबस्टेशन." आणि आत्याच्या हातातला पाव हातातच राहिला.

बाकीच्यांचं तसं काही झालं नाही. उलट या जागेवरून घरात कित्येक महिने चाललेली धुसफूस एका वाक्यात मिटली, म्हणून सगळ्यांनी हुश्श केलं. दादांच्या थोरल्याने दुसरा कप मागितला. सूनबाईने पावाला लोणी जरा जाडच लावलं. पण आत्या दादांची पाठची बहीण. हा माणूस कसा आहे ते तिला त्याच्या बायकोपेक्षा जास्त माहीत. माझ्या जिवात जीव असेपर्यंत मागच्या जागेत साधा खांब रोवू देणार नाही, असं परवापरवापर्यंत बजावणारा भाऊ एवढा मऊ का झाला, हे तिला न सांगता कळलं होतं. चिमीचे, म्हणजे आत्याचे, कान गेले, आता मागे काही घुमलं काय आणि न घुमलं काय, असं त्याने मनाशी धरलं होतं. आणि वाईट म्हणजे आत्यानेही तेच धरलं होतं.

जागा म्हणजे घराच्या मागचा मोकळा तुकडा, गवत माजलेला, थेट मोठ्या रस्त्यापर्यंत गेलेला. तात्यांनी, म्हणजे या दोघांच्या वडिलांनी, तो घेतला आणि जाताना दोघांच्या नावावर करून ठेवला. तिथे काहीही करायचं नाही, एवढ्याच कामासाठी घेतला होता. तात्या भात्याची वाद्यं करायचे, अकॉर्डियन आणि पायपेट्या. लाकूड, चामडं आणि पितळ दुकानात मिळतं, शांतता कुठून आणणार, असं ते म्हणायचे. सूर लावायच्या खोलीची खिडकी त्या जागेवरच उघडते. आधी तिथे तात्या बसत, मग आत्या बसू लागली, ती अजून उठलेली नाही.

सूर लावणं हे काम दिसायला अगदीच फुसकं. पितळेची पातळ पट्टी असते, तिच्यावरून वारा गेला की ती बोलते. टोकाकडे कानस फिरवली की सूर चढतो, मुळाकडे फिरवली की उतरतो. दोन पट्ट्या एका सुरात आणायच्या तर दोन्ही एकदम वाजवायच्या. जुळत नसतील तर आवाजाला हेलकावे येतात. जुळत आल्या की हेलकावे संथ होतात, आणि जुळल्या की थांबतात. ते थांबणं ऐकायचं, बस्स. पण त्यासाठी घरात चमचा पडलेला चालत नाही. म्हणून या घरात सकाळी उठल्यापासून जेवणाच्या वेळेपर्यंत सगळे कुजबुजत बोलतात. भांडणंसुद्धा कुजबुजत होतात, आणि तशीच जास्त रंगतात. सूनबाई लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही दिवस तिला वाटलं होतं, घरात कुणीतरी अत्यवस्थ आहे आणि आपल्याला सांगत नाहीत.

अशा घराच्या पाठीशी वीज कंपनीला सबस्टेशन बांधायचं होतं. बरं, कंपनी कुणी परकी असती तर सगळ्यांनी मिळून तिला शिव्या तरी घातल्या असत्या. पण दादांचा धाकटा मुलगा तिथेच इंजिनियर. त्यामुळे त्याला घरातच फितूर म्हणून घ्यावं लागलं. तो बिचारा समजावून थकला. नवी वस्ती वाढली, संध्याकाळी दिवे मिणमिणतात, दवाखान्याचं जनरेटर रोज धडधडतं, कुठेतरी सबस्टेशन करायलाच हवं. जागा दोनच. एक ही, नाहीतर तळ्याचा काठ. तळ्याकाठी करायचं तर अर्धा काठ भराव घालून बुजवायचा, तारा न्यायला जुन्या झाडांची अख्खी रांग पाडायची, आणि ट्रान्सफॉर्मरमधलं तेल कधी गळलंच तर ते पाण्यात जायचं. इथे तारा रस्त्यावरून आधीच गेलेल्या, एक झाड तोडावं लागणार नव्हतं. इथे फक्त आवाज होता. ट्रान्सफॉर्मर घुमतो, दिवसरात्र, कधी न थांबता.

यावरून घराची दोन शकलं झाली होती. वहिनी तळ्याच्या बाजूने. रोज संध्याकाळी त्या तळ्याला चक्कर मारतात, तिथल्या बगळ्यांना नातेवाइकांसारख्या ओळखतात, आणि नातेवाइकांपेक्षा जास्त चौकशी करतात. थोरला, जो लाकडाचं आणि भात्याचं काम बघतो, तोही देऊन टाका म्हणणारा, कारण संध्याकाळी त्याची मोटर कण्हायला लागते आणि कमीजास्त दाबाने कारखान्यातलं एक सॉकेट तर जळूनच गेलं होतं. दादा ठाम विरोधात. सूनबाई आधी विरोधात होती, कारण तिला किरणांची भीती होती. धाकट्याने तिला कुंपणापर्यंत काय पोचतं आणि घरापर्यंत काय पोचतं ते समजावलं, तेव्हा ती मधोमध येऊन उभी राहिली. आत्याला कुणी विचारलंच नव्हतं. सगळे तिच्या वतीने भांडत होते, म्हणून तिला काही बोलायला जागाच उरली नव्हती.

शेवटी धाकट्याने जे केलं ते याच घरातल्या माणसाला सुचावं. तुम्ही सगळी कानाची माणसं, आकडे सांगून तुम्हाला पटायचं नाही, म्हणाला. एका चालू सबस्टेशनच्या भिंतीपाशी उभं राहून त्याने तिथला आवाज टिपून आणला. मागच्या जागेत एक मोठा स्पीकर ठेवला, मीटर लावून आवाज जेवढा घरापर्यंत येईल तेवढाच ठेवला, वायर मागच्या दाराजवळच्या सॉकेटात खोचली, आणि कामासाठी बाहेरगावी निघून गेला. रविवारी येतो, तोवर ऐका, मग बोलू.

आत्या त्या संध्याकाळी शाळेची पायपेटी बघायला गेली होती. परत आली तर सगळे जेवायला बसलेले आणि विषय एकच. वहिनींना तो आवाज दाढेत घुमत होता. सूनबाई म्हणाली, मला तर पोटात जाणवतोय. थोरल्याने त्यात एक बारीक शिट्टीही ओळखली. दादांनी कानात कापसाचे बोळे घालून घेतले होते आणि त्यामुळे मीठ मागायलाही ओरडत होते. आत्याने हातपाय धुतले, पानावर बसली, कान लावला आणि विचारलं, "कसला आवाज?"

 वहिनींनी दादांकडे बघितलं, थोरल्याने ताटात बघितलं. मग वहिनीच सावरून म्हणाल्या की नाही ना येत, मग बरंच आहे की. ते 'बरंच आहे' आत्याला जेवण संपेपर्यंत टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून घर बदललं. सूनबाई आत्याशी बोलताना एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने बोलायला लागली. चहा. ठेवलाय. इथे. सकाळच्या वेळी, ज्या वेळी या घरात कुणी खोकत नाही, त्या वेळी. थोरल्याने हळूच सांगितलं की हल्ली फोनवरसुद्धा सूर दाखवणारं काहीतरी मिळतं, सुई फिरते, बघून लावता येतं. चांगल्या मनाने सांगितलं होतं, म्हणून जास्त लागलं. दादा येताजाता तिच्या डोक्यावर हात ठेवायला लागले. तिच्या लग्नाचं फिसकटलं तेव्हाही त्यांनी असंच केलं होतं.

आत्याने खोलीचं दार लावून घेतलं आणि स्वतःची परीक्षा घेतली. हेलकावे ऐकू येत होते. पण खरंच येत होते, की इतक्या वर्षांच्या सवयीने हाताला माहीत होते आणि कान नुसते हो म्हणत होते? खिडकी उघडून ती कितीतरी वेळ उभी राहिली. गवतातून वारा गेलेला ऐकू आला, रस्त्यावरची सायकल ऐकू आली, पण ज्याने घरातल्या सगळ्यांच्या दाढा दुखत होत्या तो आवाज काही आला नाही. खालचे सूर गेले, तिने ठरवलं. आधी खालचे गेले, आता हळूहळू बाकीचे जातील. शाळेच्या पायपेटीच्या पट्ट्या समोर मांडलेल्या होत्या. तिने कानस उचलली आणि परत ठेवली. पितळ एकदा घासलं की गेलं ते गेलं, आणि पोरांच्या पेटीवर आपण प्रयोग करायचा नाही, एवढी लाज तिला होती. शनिवारी ती दिवसभर खोलीत बसून राहिली आणि तिने एका पट्टीला हात लावला नाही. या घरात सूर लावत नसलेली आत्या म्हणजे कोण, हे तिला स्वतःलाच सांगता येईना.

तर रविवारची सकाळ. धाकटा पहाटेच्या गाडीने आला होता, त्याचे डोळे अजून चुरचुरत होते. दादांनी जागा द्यायची म्हटल्यावर तो आनंदला नाही, गोंधळला. काय ऐकलंत ते तरी सांगा, म्हणाला. मग सगळ्यांनी पुन्हा आपापली दाढ आणि आपापलं पोट सांगितलं. दादा म्हणाले की होतो त्रास, पण तो आम्ही सोसू, ज्यांना खरं सोसावं लागणार होतं त्यांना काही वाटत नाही, तेव्हा प्रश्न मिटला. हे म्हणताना ते आत्याकडे बघत नव्हते. आत्या पावाचा तुकडा बोटांनी चुरत बसली होती. आता यांना कधी सांगायचं की मी काम सोडते, एवढंच तिच्या डोक्यात होतं. चहा झाल्यावर सांगू. नाही, जेवण झाल्यावर सांगू.

धाकटा उठला. अजून येतोय का हो आवाज, आत्ता, त्याने विचारलं. सूनबाईने मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाली, येतोय की, हा काय. थोरल्यानेही हो म्हटलं. धाकट्याने मीटर काढलं, त्याच्याकडे बघितलं, हलवलं, पुन्हा बघितलं, आणि काही न बोलता मागच्या दाराकडे गेला. तिथून त्याचा आवाज आला.

"सरसाचं भांडं कुणी लावलंय इथे?"

सरस म्हणजे लाकडाला चामडं चिकटवायचा डिंक. तो विजेच्या भांड्यात सतत ऊन ठेवावा लागतो, नाहीतर घट्ट होऊन बसतो. थोरल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. कारखान्यातलं सॉकेट जळालेलं. भात्याचं काम अडलं होतं. त्याने मागच्या दाराशी जाऊन एक वायर उपसली, आपलं भांडं लावलं, आणि विसरून गेला. कधी? धाकटा गेला त्याच संध्याकाळी, आत्या शाळेतून यायच्या आधी.

धाकटा स्पीकरची वायर हातात घेऊन दारात उभा राहिला. "म्हणजे गुरुवार संध्याकाळपासून हा बंद आहे," तो म्हणाला. "तुम्ही तीन दिवस काय ऐकत होता?"

 थोरला तर सगळ्यात अडचणीत, कारण वायर त्यानेच काढली होती आणि शिट्टीही त्यालाच ऐकू येत होती. पहिल्यांदा वहिनींना हसू फुटलं. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलायला लागले. मग सूनबाई, मग थोरला स्वतः, आणि बघता बघता सकाळच्या त्या वेळी त्या घरात असा काही गोंधळ उठला की तात्या असते तर त्यांनी सगळ्यांना घराबाहेर काढलं असतं. दादांनी कानातून कापसाचे बोळे काढले, बशीत ठेवले आणि तेही हसू लागले.

आत्या हसली नाही. तिला अजून धड कळलंच नव्हतं. म्हणजे आवाज नव्हता. म्हणून आला नाही. एवढी साधी गोष्ट तिच्या आत उतरायला वेळ लागला, आणि उतरली तेव्हा तिने चुरलेला पाव बशीत गोळा केला. 

"मग नाही द्यायची," दादांनी लगेच टेबलावर हात आपटला. झाली का पुन्हा सुरुवात. पण या वेळी गंमत अशी की माणसं आपापल्या जागा सोडून भलतीकडेच जाऊन उभी राहिली. थोरला, जो मोटरसाठी जागा द्या म्हणून घसा कोरडा करत होता, तो म्हणाला की आत्याचे कान शाबूत आहेत तर काही झालं तरी द्यायची नाही, मोटर गेली खड्ड्यात. सूनबाईने त्याला दुजोरा दिला, आणि तोही नेहमीच्या हलक्या आवाजात, हे आत्याने टिपलं. वहिनी एकट्या पडल्या. तळं बुजवा मग, त्या म्हणाल्या, झाडं पाडा, मी काय बोलणार. आणि धाकटा वायरीशी चाळा करत उभा होता. कुठल्याही बाजूने बोललं तरी फितूरच ठरायचं हे त्याला माहीत होतं.

पुन्हा सगळे तिच्या वतीने भांडत होते. आत्या उठली.

"ते लाव," ती धाकट्याला म्हणाली. "खरंच लाव. मला ऐकायचंय."

सूर लावायच्या खोलीत सगळे दाटीवाटीने उभे राहिले. आत्या आपल्या स्टुलावर बसली. खिडकी उघडी होती. तिने डोळे मिटून घेतले, कारण कुणाच्या चेहऱ्याकडे बघून आपण हो म्हणावं असं तिला नको होतं. समजा, आता खरंच लावला आणि तरीही आला नाही तर? मागच्या दाराशी धाकट्याने वायर खोचली.

आणि आवाज आला. खालचा, भरीव, एकसारखा, गवताच्या पलीकडून. त्याच्यावर त्याचाच दुप्पट सूर, आणि त्याच्यावर आणखी एक, अगदी पुसट. तिने तिन्ही वेगवेगळे ऐकले. आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिने ते पुसलंही नाही. ट्रान्सफॉर्मरच्या आवाजावर एवढा जीव आजवर कुणी टाकला नसेल.

"चिमे," दादा घाबरून म्हणाले, "इतका त्रास होतोय? बंद करा रे ते."

"थांब दादा. कामाचं बघू दे."

तिने पायपेटीच्या दोन जाड पट्ट्या भात्यावर चढवल्या आणि वाजवल्या. खालच्या सुरात तो आवाज मधेमधे लुडबुडत होता. पट्ट्यांचे हेलकावे कुठले आणि बाहेरचे कुठले ते कळेना. मग वरच्या पट्ट्या घेतल्या, तिथे काही अडलं नाही. मग खिडकी लावायला सांगितली आणि पुन्हा खालच्या वाजवल्या. लुडबुड कमी झाली, पण गेली नाही.  आत्या खोटं बोलणारी बाई नव्हती, आणि आत्ता तर बोलायची गरजही नव्हती.

"अडतंय," ती म्हणाली. "या खोलीत खालचे सूर लागायचे नाहीत."

दादांनी धाकट्याकडे असं बघितलं की संपला विषय. पण आत्याचं संपलं नव्हतं. तिने धाकट्याला विचारलं की हा ट्रान्सफॉर्मर नेमका कुठे बसवणार. तो म्हणाला, कोपऱ्यात, आत्ता स्पीकर आहे तिथे, पण रस्त्याकडेही सरकवता येईल. आणि मधे भिंत? भिंत घालता येते, आवाज अडवणारी, आधी सांगितलं तर नकाशातच येते. आणि खाली तेल गळलं तर? खाली टाकी असते, तेल तिच्यात जमतं, जमिनीत जात नाही. भिंतीच्या अलीकडे झाडं लावून देतील का? ते मी बघतो, तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडी तरतरी आली.

"मग द्या," आत्या म्हणाली. "रस्त्याच्या टोकाला, भिंत घालून. हे सगळं आधी कबूल करून घ्यायचं, मग मी सही करणार. आणि मला समोरची खोली लागेल."

समोरची खोली म्हणजे दादांची. तिथे त्यांची आरामखुर्ची, त्यांचा रेडिओ, त्यांचं दुपारचं घोरणं. दादांना खोलीचं काही वाटलं नाही, त्यांना दुसरंच खुपत होतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बहिणीच्या समोर बसले.

"तू आत्ताच म्हणालीस, अडतंय. तुझे कान धडधाकट आहेत. मग कशाला देतेस?"

"म्हणून तर देते." आत्याने पहिल्यांदा डोळे पुसले. "सकाळी तू जागा द्यायला निघाला होतास, कारण मला ऐकू येत नाही असं तुला वाटलं. ते काय देणं झालं, दादा? माझ्याकडे जे नाहीच ते देऊन टाकायला मी कोण लागून गेले? आता माझ्याकडे आहे. आता त्यातलं थोडं मी देऊ शकते. वहिनींचं तळं राहील, याची मोटर चालेल. मला थोडं अडेल. अडू दे."

 दादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, मग काय वाटलं कोण जाणे, तो खाली घेतला आणि तिच्यासमोरची कानस उचलून तिच्या हातात दिली. वहिनी खिडकीपाशी तोंड फिरवून उभ्या होत्या. त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाल्या की आरामखुर्ची माझ्या खोलीत येणार असेल तर घोरणं बाहेर ठेवून यायचं. त्यावर थोरला म्हणाला, त्यालाही भिंत घालून घेऊ. सगळे पुन्हा हसले, आणि एकेक जण खोलीबाहेर पडू लागला. सूनबाईने जाहीर केलं की चहा गार झालाय, नवा टाकते.

आत्याने जाड पट्टी घेतली, मुळाकडे कानस एकदाच फिरवली, फुंकर मारून पितळेची भुकटी उडवली. वाजवून बघितलं. बाहेरचा आवाज घुमतच होता आणि त्याच्या आतून तिने आपला हेलकावा शोधून काढला. कठीण होतं, पण सापडला. धाकटा दारातून परत वळला.

"आत्या, आता बंद करून येतो हं तो स्पीकर."

"नको," आत्या म्हणाली. "राहू दे थोडा वेळ. ऐकू दे मला."